सरमिसळ खुराडं: गिरिराज, गावरान, कडकनाथ आणि त्यांच्या लेकी-नाती

वस्तीवरची

तासगावच्या पुढं द्राक्षबागांच्या मधोमध आमची वस्ती. घरामागं खुराडं, त्यात सध्या सतरा कोंबड्या, एक कोंबडा, शिवाय पिल्लं. नेटवर कोंबड्यांबद्दल जे सापडतं ते हजार पक्ष्यांच्या शेडचं असतं. एकच जात, एकच वय, किती दिवसांत किती वजन. आमच्यासारख्यांच्या दारात प्रत्येक कोंबडीचा रंग वेगळा, चण वेगळी, आई ठाऊक आणि बापाबद्दल नुसता अंदाज. अशा कळपाचं रोजचं कसं चालतं हे एका जागी लिहिलेलं मिळेना, म्हणून हा धागा. सांगली-साताऱ्याकडच्यांनी विशेष भर घालावी.

आमची मंडळी अशी: सासूबाईंच्या वेळेपासून चालत आलेल्या गावरान, त्यात एक बोडक्या मानेची. जावेला परसातल्या कुक्कुटपालनाच्या योजनेत पिल्लं मिळाली, त्यातल्या दोन गिरिराज, म्हणजे संकरातून तयार केलेली वजनदार जात. दोन काळ्या ऑस्ट्रॉलॉर्प. एक कडकनाथ, म्हणजे काळ्या अंगाची जात. २०१९ साली कडकनाथपालनात पैसे गुंतवायला लावून फसवल्याचं प्रकरण आपल्याच जिल्ह्यात फुटलं, त्यानंतर पाहुण्यांनी "न्या बाई ही" म्हणून एक कोंबडी हातात दिली, तिची ही लेक. उरलेल्या या सगळ्यांच्या लेकी-नाती, त्यांना जात विचारायची नाही. कोंबडा असीलच्या वळणाचा, उंच, तांबडा-काळा, शेपटीला हिरवी झाक.

कामाची वाटणी यांनी आपसात करून घेतलीय. अंडी गिरिराज आणि काळ्यांनी द्यायची, उबवायची गावराननं. गिरिराज वर्षाला १३०-१५० अंडी देते, पण खुडूक होणं, म्हणजे अंडी उबवायला बसणं, तिच्या गावीही नसतं. गावरान ५०-६० वर थांबते, फार तर ८०; पण वर्षातून दोन-तीनदा खुडूक होते आणि एकदा बसली की बसली. मग मी तिच्याखाली निवडक अंडी सरकवते. काही काळीची, एखाददुसरं गिरिराजचं, उरलेली तिची स्वतःची. आठवड्याच्या आतली अंडी, फ्रीजमध्ये न गेलेली. डालपाटीत भुसा, वर दहा-बारा अंडी, आणि कोंबडी बसवायची ती अंधार पडल्यावर. सासूबाई पाटीत कोळशाचा तुकडा आणि खिळा ठेवतात, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. मी काढत नाही. त्या घरात असताना तर नाहीच.

बोडकी बसली की बघत राहावं. पिसं फुलवून पाटीभर पसरते आणि मधून ती लाल, सुरकुतलेली मान वर येते. दिवसातून एकदा उठते. पाणी, चार दाणे, राखेत दोन लोळण्या, की परत पाटीत. बसताना सरळ बसत नाही. आधी चोचीच्या खालच्या बाजूनं एकेक अंडं पोटाखाली ओढते, मधलं कडेला, कडेचं मध्ये, मग अंग हलवत हलवत खाली टेकते. सातव्या रात्री मोबाईलची बॅटरी अंड्याला लावायची. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, नुसतं पिवळं दिसलं तर काढायचं. विसाव्या-एकविसाव्या दिवशी अंडं कानाला लावलं की आतून टकटक येते आणि कोंबडी खालच्या आवाजात उत्तर देते. या वेळी तिच्या पंखाखालून काळी, तांबूस, पाठीवर पट्टे असलेली अशी सगळी निघाली. तिच्या स्वतःच्या अंड्यांतली निम्मी बोडकी. ती मात्र कुणाला परकं मानत नाही.

मान कुणाला द्यायचा हे आकारावर ठरत नाही, हे सरमिसळ कळपातच कळतं. गिरिराज दुप्पट वजनाची, पण दाण्याच्या पाटीवर राज्य भुरकीचं. भुरकी म्हणजे सगळ्यात लहान चणीची गावरान. तिनं नुसती मान वर केली तरी गिरिराज बाजूला होतात. रात्रीही तसंच. गावरान शेवग्यावर चढायला बघतात, गिरिराजला दोन फुटांच्या वर उडता येत नाही. म्हणून खुराड्यात दांड्या दोन उंचीवर बांधल्यात, खालच्या जाड, वरच्या बारीक.

बागेचं एक सांगायला हवं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की कोंबड्या बागेत सोडायच्या नाहीत, हा आमच्याकडं नियम आहे. वेलीखालचं तण आणि किडे खायला त्यांना आवडतं, पण तिथं काय सांडलंय ते आपल्यालाही माहीत नसतं. शेजारच्या बागेत ब्लोअर चालू दिसला की आमच्या दिवसभर कोंडलेल्या. एरवी बेदाण्याच्या शेडवरचा निवडून टाकलेला माल म्हणजे त्यांचा सण.

आता विचारायचं ते. दोन तरणे कोंबडे वाढतायत, एक गिरिराजचा, एक बोडकीचा. थोरला अजून दमदार आहे, पण आता त्याच्या स्वतःच्या लेकी अंड्यावर आल्यात. पुढं कोणता ठेवावा? आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस एवढ्याशा कोंबड्यांसाठी तुम्ही कशी करता? शंभरच्या आतली बाटली आमच्याकडं कुणी देत नाही.


येरळाकाठ

वाचनखूण साठवली. ताई, खाद्य काय देता? आमच्याकडं पिल्लं, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या), म्हाताऱ्या सगळ्या एकाच पाटीत तोंड घालतात. दुकानदार लेअर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, गळ्यात मारतोय.


वस्तीवरची

सकाळी सोडताना मूठमूठ मका भरडा आणि ज्वारी, ती नुसती सवय लावायला. दिवसभर त्या स्वतः फिरून खातात. संध्याकाळी पोटभर: मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, थोडी शेंगपेंड, सुकटीचा चुरा. कांद्याची पात, मेथीच्या काड्या, शेवग्याचा पाला जे असेल ते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात कायम ठेवलेला. अंड्यावरच्या कोंबड्या बरोबर तिथं जाऊन टिपतात, बाकीच्या ढुंकून बघत नाहीत.


औषधाची पेटी

पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी झाली, आता निवृत्त. वरचं वेगळ्या वाडग्याचं अगदी बरोबर आहे, त्याचं कारण सांगतो. लेअर फीडमध्ये कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. अंडं देणाऱ्या कोंबडीला तेवढं लागतं. वाढत्या पिल्लाला एक टक्का पुरे, त्यावरचं मूत्रपिंडावर येतं. सगळ्या वयाच्या एकत्र असतील तर सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) द्या आणि शिंपले बाजूला ठेवा. मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. बाहेर फिरणारीचं निम्मंअर्धं ती स्वतः शोधते.

पेंड आणि मका हुंगून घ्या. बुरशी लागलेली शेंगपेंड "कोंबड्याच तर खाणार" म्हणून टाकू नका. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं, आधी अंडी कमी होतात, मग एकेक करून पक्षी वाळत जातात आणि लोक मानमोडी समजून भलतीच औषधं देत बसतात.

कोंबडा आणि लस यावर सवडीनं लिहितो.


माणदेशी

ताई, वर्णन झकास. पण एक खटकलं ते बोलतो. तुम्ही गावरानच्या अंगावर दुसऱ्यांची अंडी घालून गावरानची पिढी कमी करताय.

आम्ही म्हसवडकडचे. आमच्या आजीच्या कोंबड्यांना कुणी खाद्य विकत आणलं नाही. उन्हाळ्यात हिरवं पान दिसत नाही तिथं त्या वाळवी उकरून, बाभळीच्या शेंगा टोचून जगल्या. घार आली की पहिली हाक कोंबडीची, आणि पिल्लं कशी गडप व्हायची ते बघायला पाहिजे. आता गावात पिल्लांची गाडी येते, रंगीबेरंगी पिल्लं स्वस्तात घेतात, ती मोठी होतात, गावरानमध्ये मिसळतात. नाती निघतात त्या ना धड खुडूक होतात, ना घारीला ओळखतात. सरमिसळीचं कौतुक करताना हे लक्षात असू द्या. आमच्या वाडीत आज अस्सल जुन्या वळणाची कोंबडी शोधायची तर तीन घरं फिरावी लागतात.


वस्तीवरची

दादा, तुमचं म्हणणं निम्मं मान्य. पिल्लांच्या गाडीवरची पिल्लं मीही घेत नाही. पण सतरा तोंडांना दाणे घालायचे आणि घरात रोज चार अंडीही नसली की घरातले विचारतात ना. दोन मुलं शाळेत जातात, डब्यात अंड्याची पोळी लागते. नुसत्या गावरानवर हिवाळ्यात मला कधीकधी आठवडाभर अंडं दिसत नाही. मी दोन्ही ठेवते ते त्यासाठी.


पाटणची

माणदेशी काका, तुमच्याकडं कोरडं हवामान आहे म्हणून कोंबडी वाळवीवर जगते. आमच्याकडं पावसाळ्यात चार महिने अंगण वाळत नाही. इथं जगणं-मरणं खुराड्यातल्या भुश्यावर ठरतं.

भाताचं तूस वीतभर टाकते, रोज खालीवर करते, ओला झालेला भाग काढून त्यावर चुना भुरभुरते. एवढं केलं नाही की श्रावणापर्यंत पिल्लांना रक्ती हगवण लागलीच. शेणखतासारखी लाल-तपकिरी विष्ठा, पंख पाडून कोपऱ्यात उभी. सुरुवातीलाच अँप्रोलियम हे औषध पाण्यातून दिलं तर वाचतात, उशीर झाला तर नाही. आमच्याकडच्या सरमिसळीत मी एक बघितलं. त्यातून जी पिल्लं निघतात ती गावरान आईची असोत की वनराज या सुधारित जातीची, पंखाखाली ऊब मिळाली ती जास्त जगतात. बल्बखालची पिल्लं रात्री लाईट गेली की संपली. पाटणला लाईट कधी जाते हे सांगायला नको.


शाहूपुरीकर

आम्ही सातारा शहरात, बंगल्याच्या मागं पाच कोंबड्या. कोंबडा ठेवला होता तो पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. समोरच्या काकांनी आधी हसून सांगितलं, मग न हसता. कोंबडा गावी धाडला.

अंडी पूर्वीइतकीच येतात. हे लोकांना पटत नाही. रोज कुणीतरी विचारतं, कोंबड्याशिवाय अंडं कसं काय देते? देते. त्यातून पिल्लू निघत नाही, एवढंच. आमच्या मावशी मात्र आता ही अंडी "चालतात" म्हणून खायला लागल्या, त्यांना मी अडवलं नाही.

एक प्रश्न. यांतली एक सारखी खुडूक होते. अंडी तर फलित नाहीत, ती उगाच महिनाभर बसून वाळते. गावाकडं नाकात पीस ओवतात, पाण्यात बुचकळतात. ते करवत नाही.


औषधाची पेटी

पीस ओवू नका. जाळीचा तळ असलेला पिंजरा जमिनीपासून वर टांगा किंवा विटांवर ठेवा, त्यात तिला ठेवा. खाली भुसा-गोणपाट काही नको. दाणापाणी भरपूर. पोटाला खालून वारा लागला की खुडूकपणा तीन-चार दिवसांत उतरतो. जितक्या लवकर ठेवाल तितक्या लवकर.

आता कोंबड्याचं. वस्तीवरची ताई, तुमचा गिरिराजचा पोरगा ठेवू नका. तो चार किलोच्या पुढं जाईल आणि भुरकीसारखीवर चढला तर पाठीची पिसं जातील, नखांनी कातडी फाटेल. शिवाय गिरिराज मुळात संकरातून तयार केलेली, तिच्या पोरांत आईचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. आणि खुडूक न होण्याचा गुणही पोरग्यातून पुढं जातो. माणदेशींची तक्रार आहे ती इथूनच सुरू होते. कळपातल्या प्रत्येक पिल्लाचा निम्मा वाटा कोंबड्याचा असतो. कोंबड्या चार जातींच्या ठेवा हो, पण कोंबडा गावरान अंगाचा ठेवा, म्हणजे तुमचं आणि त्यांचं दोघांचं साधतं.

बोडकीचा पोरगा चांगला, पण स्वतःकडं नको, कारण त्याच्या एकाच बापाच्या बहिणी तिथंच आहेत. लांबच्या वस्तीवरच्या कुणाशी अदलाबदल करा. दर दोन वर्षांनी कोंबडा बदलावा. बोडक्या मानेचा गुण एकाच बाजूनं आला तरी दिसतो, आणि पिसं कमी असल्यानं मे महिन्यात तेच पक्षी कमी धापा टाकतात. माण-आटपाडीच्या उन्हात तर फारच उपयोगी.


माणदेशी

डॉक्टरसाहेब, हे पटलं. ताई, बोडकीच्या पोरग्याला आमच्याकडं जागा आहे. बदल्यात भुऱ्या रंगाचा एक तरणा देतो, त्याची आई झाडावर झोपणारी आहे.


वस्तीवरची

ठरलं. पण आधी तो आमच्याकडं तीन आठवडे वेगळा राहील, बाकीच्यांत सोडणार नाही. राग मानू नका.


माणदेशी

राग कसला. मीही तुमचा वेगळाच ठेवणार.


येरळाकाठ

एक शंका. आमच्याकडं कडकनाथ कोंबडी आणि साधा तांबडा कोंबडा. पिल्लं काळी निघतील म्हणून शेजारी पैसे देऊन बसलाय. निघाली राखाडी, पायसुद्धा फिके. कडकनाथ भेसळीची होती का?


औषधाची पेटी

कोंबडी अस्सल असली तरी असंच होतं. काळेपणा दाबणारा एक गुण साध्या कोंबड्यात असतो आणि तो नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. कोंबडा साधा असेल तर तो गुण सगळ्या पिल्लांना जातो, म्हणून सगळी फिकी. उलट केलंत, म्हणजे कोंबडा कडकनाथ आणि कोंबडी साधी, तर बहुतेकदा माद्या काळ्या आणि नर फिके निघतात. शेजाऱ्याचे पैसे परत करा.

आणि कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. काळी अंडी म्हणून कुणी विकत असेल तर रस्ता बदला.


हळदीचं शेत

अवांतर: अंडी विकण्याचा विषय निघालाच आहे तर. सांगलीत तपकिरी कवच दिसलं की गावरान म्हणून दीडपट दर लागतो. कवचाचा रंग जातीवर असतो. पिंजऱ्यातल्या कोंबडीचंही कवच तपकिरी असू शकतं, आणि आमच्या दारातली पांढुरकी गावरान मळकट पांढरं अंडं देते, ते गिऱ्हाईक उलटसुलट करून परत ठेवतं. चहाच्या पाण्यात बुडवलेली अंडीही बाजारात बघितलीत. ओल्या फडक्यानं पुसलं की रंग फडक्याला.


वस्तीवरची

माझी अंडी शाळेतल्या बाई आणि गल्लीतली दोन घरं नेतात, बारा रुपयांना एक. मी सरळ सांगते, यातली काही गिरिराजची, काही काळीची, काही क्रॉसची, सगळ्या दारात फिरून खातात. बलक गडद का, तर हिरवा पाला आणि मका खातात म्हणून. अजून कुणी भाव पाडला नाही. आखाडात मात्र अंडं कुणाला नको असतं, सगळे कोंबडंच मागतात. आणि श्रावण लागला की अंड्यांच्या पाट्या घरात साचतात. तेव्हा मी खुडूक कोंबड्यांना बसवून घेते. पण पाटणच्या ताईंसारखा पाऊस असता तर हे जमलं नसतं.


वारणेचा वाघ

शिराळ्याच्या बाजूचा. इथं सगळे मुंगूस आणि घारीवर येतील वाटलं, अजून कुणी बोललंच नाही. उसात मुंगसं मुबलक. मुंगूस एक मारून थांबत नाही, खुराड्यात शिरलं तर जेवढ्या सापडतील तेवढ्यांच्या माना. षटकोनी जाळी त्याला पुरत नाही, अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा आणि जाळीचा खालचा काठ फूटभर जमिनीत गाडा. धामण पिल्लं आणि अंडी दोन्ही नेते, तिच्यासाठीही तीच जाळी.

बिबट्याचं म्हणाल तर आमच्याकडं तो येतोच. त्याला कोंबडीपेक्षा कुत्रं आवडतं. खुराड्याला पत्रा, दिवा आणि रात्री बाहेर कुणीही नाही, एवढं आम्ही करतो. ऊस तुटला की त्याची लपायची जागा जाते, मग तो जास्त दिसतो. त्या दिवसांत कोंबड्या दिवेलागणीच्या आधीच आत.


हरिपूरची

घारीसाठी आमच्या बाबांनी वर जुन्या सीड्या टांगल्यात. घार येत नाही की आलेली दिसत नाही, देव जाणे. कोंबडाच खरा पहारेकरी. आमचा डोकं तिरकं करून एका डोळ्यानं आभाळ बघतो, लांब ओढलेला एक आवाज काढतो, आणि क्षणात अंगण रिकामं. जमिनीवरून बोका आला तर आवाज वेगळा, तुटक तुटक. पिल्लांना दोन्ही कळतात.

२०१९ च्या पुरात या सगळ्या गच्चीवर होत्या, आम्हीही. पाणी उतरल्यावर खुराडं धुवून, चुना मारून, आठवडाभर उन्हात वाळवून मग त्यांना खाली आणलं. पूररेषेजवळ राहणाऱ्यांनी खुराडं उचलून नेता येईल असं बांधावं.


पाटणची

कुणाकडं अंगावर बारीक गोचिडी-उवा झाल्यात का? माझ्या खुडूक कोंबडीच्या पाटीत रात्री हात घातला तर हातावर चढतात.


वस्तीवरची

रात्री चढतात म्हणजे त्या दिवसा लाकडाच्या फटीत बसणाऱ्या. नुसती कोंबडी साफ करून भागत नाही. दांड्या काढून उन्हात, फटींवर उकळतं पाणी, पाटीतला भुसा जाळून नवा. आम्ही कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती मिसळून खड्डा ठेवलाय. दुपारी सगळ्या त्यात उताण्या पडून पंखात माती भरतात, गिरिराज पडली की दुसरीला जागा राहत नाही. पावसाळ्यात तो खड्डा पत्र्याखाली घ्या.


औषधाची पेटी

लसीचं राहिलं होतं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, विषाणूचा आजार. हिरवी हगवण, धाप, मान वळणं, मग मरणं. आल्यावर औषध नाही. त्यामुळं "आमच्याकडं आली नाही" हे लस न करण्याचं कारण होत नाही.

सरमिसळ वयाच्या कळपात असं करा. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची सौम्य लस, डोळ्यात एक थेंब. चौथ्या आठवड्यात पुन्हा. आठव्या आठवड्यात मानमोडीचीच दुसरी लस, आर-टू-बी, पंखाखाली टोचायची. त्याहून लहान पिल्लाला आर-टू-बी नाही, ती कडक लस आहे. अंड्यावरच्या कोंबडीला टोचली की थोडे दिवस अंडी कमी होतात, घाबरू नका. मलूल, नाक वाहणाऱ्या पक्ष्याला कुठलीच लस त्या दिवशी नको. देवीची लस सहा-आठ आठवड्यांत, पंखाच्या पडद्याला. डास वाढतात तेव्हा तुऱ्यावर खपल्या दिसायला लागतात, त्या देवीच्या. खपल्या आपोआप गळतात. डोळे आणि घसा मात्र सांभाळावा लागतो.

बाटलीचं दुखणं सगळ्यांचंच. एकदा विरघळवली की दोन तासांत संपवायची, उरलेली उद्यासाठी नाही. म्हणून आसपासच्या वस्त्यांनी मिळून एक बाटली घ्यावी. पण कोंबड्या एका जागी गोळा करू नका, तोच तर रोग पसरवायचा मार्ग. लस फिरवा. थर्मासमध्ये बर्फ, त्यात बाटली, उन्हं चढायच्या आत एकानं मोटारसायकलवर वस्ती-वस्तीवर जायचं. प्रत्येक ठिकाणी हात धुवायचे, चपला खुराड्याबाहेर. थेंब स्वतःच्या डोळ्यात उडाला तर डोळे चार दिवस लाल होतात, तेवढं जपा. रिकामी बाटली उकळून पुरा, फेकू नका.


वस्तीवरची

डॉक्टरसाहेब, फार उपयोगी. आमच्या रस्त्यावर पाच वस्त्या आहेत, सगळ्यांना विचारून आले. मोठ्या आणि पिल्लं धरून ऐंशीच्या घरात जातात. म्हणजे पिल्लांसाठी लासोटाची एक, मोठ्यांसाठी आर-टू-बीची एक. येत्या रविवारी. टोचायला दवाखान्यातले सहायक यायला तयार आहेत. येरळाकाठ, तुम्ही आमच्यापासून फार लांब नसाल तर धरू का?


येरळाकाठ

धरा. नऊ मोठ्या, सहा पिल्लं दोन आठवड्यांची. त्यांना पहिला थेंब राहिलाय, चालेल ना?


औषधाची पेटी

चालेल, आता द्या, आणि चार आठवड्यांची होतील तेव्हा पुन्हा द्या. आर-टू-बी त्यानंतर.


येरळाकाठ

ठीक. किती वाजता?


वस्तीवरची

सहाला आमच्याकडून निघू, तुमच्याकडं सात-सव्वासात होतील. तोवर कोंबड्या सोडू नका. एकदा बाहेर पडल्या की उसातून धरत बसावं लागेल आणि बाटलीचे दोन तास तिथंच जातील. बर्फाचे आणि पेट्रोलचे पैसे सगळ्यांत वाटून.